शिडाच्या नौकेवरचा संसार : बेटाबेटांवरून फिरणारी कुटुंबं नेमकी कशी राहतात?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पनामा कालव्यापाशी शिडाच्या लहान नौकांची गर्दी होऊ लागते. बहुतेक नौका ३५ ते ५० फूट लांबीच्या असतात. त्यातल्या काहींच्या कठड्याला चहूबाजूंनी जाळी बांधलेली दिसते आणि दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत असतात. जाळी दिसली की समजायचं, या नौकेवर मुलं आहेत. घर विकून किंवा भाड्याने देऊन, नोकरीला रामराम ठोकून किंवा लांबलचक बिनपगारी रजा काढून ही कुटुंबं निघालेली असतात. कालवा ओलांडून ती प्रशांत महासागरात उतरतात आणि पुढचे सात-आठ महिने मार्केसस, तुआमोतू, ताहिती, कुक बेटं, टोंगा, फिजी अशी बेटं घेत पश्चिमेकडे सरकत राहतात. या वाटेला दर्यावर्दी मंडळींनी ‘कोकोनट मिल्क रन’ असं लाडकं नाव दिलं आहे, कारण वारा पाठीशी असतो आणि वाटेत नारळाची झाडं असलेलं बेट लागतंच.

अशा कुटुंबांचे व्हिडिओ यूट्यूबवर पुष्कळ बघितले जातात. काचेसारखं पाणी आणि त्यात उड्या मारणारी पोरं बघून ‘यांचं काय, मजाच मजा’ असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात कधी कुठे असायचं हे बहुतांशी वारा, व्हिसा आणि विमा कंपनी ठरवते. आणि हे सगळं किती वर्षं चालू ठेवायचं, हा प्रश्न मुलांच्या वयापाशी येऊन थांबतो. तो सर्वांत अवघड, कारण निघायचा निर्णय आई-वडिलांचा असतो आणि तो जगायचा असतो मुलांना.

हे ‘क्रूझिंग’ म्हणजे काय?

आपल्याकडे क्रूझ म्हटलं की मुंबई-गोवा जाणारं मोठं प्रवासी जहाज डोळ्यांपुढे येतं. इथे तो अर्थ नाही. स्वतःच्या नौकेवर राहत, सावकाश, बंदर-बंदर करत फिरण्याला दर्यावर्दी लोक क्रूझिंग म्हणतात. शर्यत नसते आणि विक्रमही नसतो.

मराठी वाचकाला शिडाच्या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा ही कल्पना नवी नाही. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता केली. दोघांची नौका एकच, ‘म्हादेई’, आणि ती बांधली गेली गोव्यात. पण त्यांचा मार्ग अंटार्क्टिकाच्या बाजूच्या दक्षिणी महासागराचा होता. कडाक्याची थंडी, डोंगराएवढ्या लाटा आणि पश्चिमेकडून सुटणारे सोसाट्याचे वारे, असा तो मुलूख. कुटुंबं मुद्दाम याच्या उलट करतात. ती उष्ण कटिबंध सोडत नाहीत आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे, वाऱ्याच्या कलाने जातात.

नौका दोन तऱ्हेच्या असतात. एक नेहमीची, एकाच सांगाड्याची, वाऱ्याने एका अंगावर कलून चालणारी. दुसरी कॅटामरान, म्हणजे दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी ठेवून वर मजला टाकल्यासारखी. ती कलत नाही, जागा ऐसपैस मिळते, म्हणून मुलं असलेल्यांचा ओढा तिकडे असतो. किंमत मात्र बरीच जास्त. गंमत म्हणजे हा शब्द तमिळमधल्या ‘कट्टुमरम’वरून आला. त्याचा अर्थ बांधलेले ओंडके. तमिळ कोळ्यांचा तो तराफा आणि दोन सांगाड्यांची नौका यांचा तसा फारसा संबंध नाही. दोन सांगाडे जोडून महासागर ओलांडायची विद्या पॉलिनेशियन लोकांची. आज ही कुटुंबं ज्या बेटांवर जातात, ती बेटं त्यांनी होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा वाचत शोधून वसवली होती.

वेळापत्रक वाऱ्याचं

कोकणात नारळी पौर्णिमेपूर्वी होडी दर्यात लोटत नाहीत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवतात. उष्ण कटिबंधातल्या क्रूझिंगचं सगळं गणित याच तऱ्हेचं आहे, फक्त ते सबंध महासागरापुरतं ताणलेलं आहे.

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वर्षाचा बराच काळ पूर्वेकडून स्थिर वारे वाहतात. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना आपण व्यापारी वारे म्हणतो. दक्षिण प्रशांत महासागरात ते आग्नेयेकडून येतात. मे ते ऑक्टोबर हे महिने त्यातल्या त्यात भरवशाचे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा नौका पट्ट्याबाहेर न्यायची किंवा सुरक्षित जागी बांधून ठेवायची. बरेच जण टोंगा किंवा फिजीहून हजाराहून जास्त सागरी मैल दक्षिणेला न्यूझीलंड गाठतात, काही ऑस्ट्रेलियाला जातात. फिजीतल्या वुडा इथे वेगळीच सोय आहे. जमिनीत लांबट खड्डे खणलेले असतात, नौकेचा तळाचा जड पंखा त्यात उतरवतात आणि ती जमिनीला आवळून बांधतात. वादळ आलं तरी ती आडवी होऊ नये, एवढाच हेतू.

कॅरिबियन समुद्रात हेच उलट्या महिन्यांत, १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळाच्या हंगामात नौका ठरावीक अक्षांशांच्या आत आढळली तर नुकसानभरपाई देणार नाही, अशी अट विमा कंपन्या घालतात. त्यामुळे पुष्कळ नौका ग्रेनेडाच्या आसपास दक्षिणेला जमतात. तिथे वादळं क्वचित पोहोचतात असा समज होता. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हे चक्रीवादळ ग्रेनेडाच्याच कॅरियाकू बेटावर धडकलं. हंगाम नुकता कुठे सुरू झाला होता. तिवरांच्या खाडीत आसऱ्याला बांधलेल्या कित्येक नौका एकमेकींवर चढून फुटल्या. तिवरांत शिरणं हा तिथला जुना, जाणत्यांचा उपाय होता.

आता अंतरांकडे. पनामा ते गालापागोस सुमारे ९०० सागरी मैल. गालापागोस ते मार्केसस सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. मुंबई-दिल्ली रेल्वेच्या अंतराच्या चौपट. नौकेचा वेग सायकलएवढा, ताशी नऊ ते तेरा किलोमीटर. तीन-साडेतीन आठवडे जमीन दिसत नाही.

या काळात नौका रात्री थांबत नाही. खोल समुद्रात नांगर टाकता येत नाही, त्यामुळे कोणीतरी सतत जागं असावं लागतं. घरात मोठी माणसं दोनच असतील तर तीन-तीन तासांच्या पाळ्या लागतात: एकाने झोपायचं, दुसऱ्याने दिवे, ढग, शिडं आणि रडारकडे बघायचं. दिवसा दोघांनी मिळून स्वयंपाक, अभ्यास, दुरुस्ती आणि पोरांची भांडणं. तान्हं मूल असेल तर झोपेचं काय होत असेल याची कल्पना कोणत्याही आईला करता येईल. पहिले तीन-चार दिवस बऱ्याच जणांना समुद्र लागतो. मुलं साधारणपणे लवकर सावरतात, आई-वडील उशिरा.

शेगडी दोन खिळींवर झुलती असते, म्हणजे नौका कलली तरी भांडं सरळ राहतं. आपल्या ओळखीचा प्रेशर कुकर या मंडळींचा फार आवडता. गॅस वाचतो आणि हेलकावा बसला तरी झाकण उघडून उकळतं वरण कोणाच्या अंगावर येत नाही. अंडी न धुतलेली घेतात, कारण धुतलेली फ्रिजबाहेर टिकत नाहीत. कांदे, बटाटे, कोबी, भोपळा यांवर शेवटचा आठवडा निघतो.

पाणी, वीज आणि गंज

गोडं पाणी हा नौकेवरच्या बारीकसारीक नियमांचा उगम. समुद्राचं पाणी दाबाखाली पातळ पडद्यातून गाळून गोडं करणारं यंत्र आता अनेकांकडे असतं; त्याला वीज लागते, वीज सौर पट्ट्यांवरून येते. चार दिवस ढग राहिले की विजेबरोबर पाण्याचीही टंचाई. म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यात धुवायची, आंघोळ समुद्रात करून वरून तांब्या-दोन तांबे गोडं पाणी घ्यायचं. पाऊस आला की ताडपत्री ताणून टाकी भरून घ्यायची. टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे सगळं लगेच समजेल.

खारी हवा कशालाही सोडत नाही. पंप, तारा, चेन, शिवण, संडासाचे वॉल्व्ह, काही ना काही रोज मोडतं. दरवर्षी नौकेच्या किमतीच्या दहा टक्के देखभालीला बाजूला ठेवावेत असा या लोकांतला ठोकताळा आहे. पैशापेक्षा अडचण सुट्या भागांची. मार्केससला माल ताहितीहून जहाजाने येतो. ‘अरानुई’ हे माल आणि प्रवासी दोन्ही नेणारं जहाज तिथे ठरावीक दिवसांनी लागतं, आणि ते लागलं की बेटावरच्या दुकानात कांदे-बटाटे दिसतात. पंपाचं एक रबरी चाक मोडलं तर ते येईपर्यंत त्याच खाडीत मुक्काम वाढवायचा. व्हिडिओत या मुक्कामाला निवांतपणा म्हणतात.

अलीकडे एक मोठा बदल झाला. २०२२-२३ पासून स्टारलिंकची तबकडी लहान नौकांवरही दिसू लागली आणि भर समुद्रात इंटरनेट आलं. काही आई-वडील आता नौकेवरून नोकरी करतात. हवामानाचा अंदाज रोज मिळतो, आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं होतं. एकांतासाठी निघालेल्या काहींना हे आवडलेलं नाही.

बेट दिसलं, पुढे काय?

नव्या देशात शिरताना डोलकाठीजवळ पिवळं निशाण चढवतात. ‘आमची तपासणी अजून व्हायची आहे’ असा त्याचा अर्थ. आरोग्य, सीमाशुल्क, इमिग्रेशन आणि शेतीच्या किडींची तपासणी होईपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवता येत नाही. लांबून बेट दिसलं की उतरलो, असं कुठेही नाही. ज्या बंदरात कचेरी आहे तिथेच आधी जावं लागतं.

व्हिसाचा हिशेब पासपोर्टवर अवलंबून असतो. मार्केसस, तुआमोतू आणि ताहिती फ्रेंच पॉलिनेशियात येतात. युरोपीय संघाच्या नागरिकांना तिथे सवलत मिळते, इतरांना साधारणपणे ९० दिवस. बेटं मात्र शंभराच्या वर आहेत आणि पश्चिम युरोपएवढ्या समुद्रात विखुरलेली. भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला आधी व्हिसा काढावा लागतो आणि युरोपसाठीचा नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे एकामागून एक देशांनी बंदरं बंद केली, तेव्हा कित्येक नौका भर समुद्रात होत्या. निघताना उघडा असलेला देश पोहोचेपर्यंत बंद झालेला होता.

फिजीच्या लहान बेटांवर सरकारी शिक्क्याखेरीज आणखी एक परवानगी लागते. गावासमोर नांगर टाकला की ‘यंगोना’ म्हणजे कावाच्या मुळ्यांची जुडी घेऊन गावच्या प्रमुखाकडे जायचं. या विधीला सेवुसेवु म्हणतात. जुडी स्वीकारली गेली की पाहुण्याला त्या गावच्या पाण्यात पोहायची, मासे धरायची, हिंडायची मोकळीक मिळते. समुद्राचा तो भाग गावाचा मानला जातो, त्यामुळे हे न करता उतरणं म्हणजे विचारल्याशिवाय कोणाच्या अंगणात तंबू ठोकण्यासारखं. फिजीच्या शहरांत वेगळं चित्र दिसतं. १८७९ पासून ऊसमळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या भारतीयांचे वंशज तिथे राहतात. कित्येक महिने डबाबंद अन्नावर काढलेल्या पाश्चात्त्य कुटुंबांना तिथल्या बाजारात अचानक हिरवी मिरची, आलं, डाळी आणि गरम रोटी मिळते.

तुआमोतूची बेटं म्हणजे कंकणद्वीप. लक्षद्वीपच्या बेटांचीही घडण हीच, म्हणून हा शब्द शाळेच्या पुस्तकात भेटलेला असतो. बुडालेल्या ज्वालामुखीभोवती प्रवाळाचं कडं उरतं आणि आत शांत, उथळ पाणी. आत शिरायला कड्यात एखाद-दुसरी अरुंद खिंड असते. बाहेरच्या लाटा कड्यावरून आत पाणी ढकलत राहतात आणि ते सगळं या खिंडीतून बाहेर पडतं. प्रवाहाचा वेग कधीकधी नौकेच्या इंजिनाच्या वेगाहून जास्त असतो. म्हणून भरती-ओहोटीच्या मधल्या, पाणी थबकलेल्या वेळेची वाट बघत बाहेर घिरट्या घालाव्या लागतात. आत आल्यावरही पाण्याखाली प्रवाळाचे खांब असतात. सूर्य डोक्यावर असताना ते तपकिरी-पिवळे दिसतात. सूर्य समोर आणि खाली असला की काहीच दिसत नाही. नाळेवर उभं राहून डावी-उजवी सांगायचं काम बऱ्याच घरांत मुलांकडे असतं. इथे त्यांची चूक चालत नाही आणि हे त्यांना माहीत असतं. या बेटांना जुन्या नकाशांत ‘धोक्याचा द्वीपसमूह’ म्हटलं जाई. जीपीएस पूर्ण क्षमतेने सुरू झालं ते १९९५ मध्ये. त्याआधी सेक्स्टंट आणि घड्याळ यांवर मोठी भिस्त होती.

ताज्या माशांची इथे रेलचेल, पण ते सरसकट खाता येत नाहीत. प्रवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवात विष तयार होतं. लहान मासे तो खातात, मोठे मासे लहानांना, आणि विष साठत जातं. यातून होणाऱ्या विषबाधेला सिग्वातेरा म्हणतात. मासा ताजा असला, नीट शिजवला, तरी विष जात नाही. चव आणि वासातही फरक पडत नाही. उलट्या-जुलाबांखेरीज हातापायांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू चटका बसल्यासारखी लागते. त्या जीवाचं शास्त्रीय नावच फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बिये बेटांवरून पडलं आहे. यावर दर्यावर्दींचा उपाय साधा आहे. कुठल्या खिंडीतला कुठला मासा चालतो ते गावातल्या कोळ्याला विचारायचं. एका बाजूचा चालतो, दुसऱ्या बाजूचा नाही, असंही उत्तर मिळतं.

मुलांची शाळा आणि मुलांचं वय

लहान मुलांसाठी नियम कडक असतात. डेकवर लाइफ जॅकेट, आणि नौका चालती असताना कमरेच्या पट्ट्याला दोरी, जी डेकवरच्या पट्टीला अडकवलेली असते. रात्री एकट्याने बाहेर यायचं नाही. हे नियम मोठ्यांनाही लागू आहेत, कारण रात्री पाण्यात पडलेला माणूस वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला परत सापडणं फार कठीण.

अभ्यास सकाळी दोन-तीन तास, सलूनमधल्या टेबलावर. दोन-तीन मुलांना शिकवायला एवढा वेळ पुरतो. भरती-ओहोटीचं गणित, नकाशावाचन, हवामान हे रोजचंच असल्याने डोक्यात बसतं. भाषा आणि बीजगणित मात्र आई-वडील किती चिकाटीचे आहेत यावर. घरून शिकवण्याचे कायदे देशागणिक वेगळे. ब्रिटनमध्ये बरीच मोकळीक आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. फ्रान्समध्ये २०२२ पासून त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. सरकारी पत्रद्वारा शिक्षणसंस्था मात्र तिथे अनेक दशकं आहे आणि फ्रेंच नौकांवरची मुलं तिचाच अभ्यास करतात. भारतीय मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी देता येते.

पण शाळेपेक्षा मोठा प्रश्न सोबतीचा. मुलं असलेल्या नौका एकमेकींना रेडिओवरून शोधतात, मार्ग जुळवून घेतात, आठवडाभर शेजारी नांगर टाकतात. भाषा वेगळ्या असल्या तरी पोरांचं अर्ध्या तासात जमतं. मग एक नौका टोंगाला जाते, दुसरी सामोआला, आणि मैत्री तिथे संपते. चार-पाच ते अकरा-बारा हे वय सोपं समजलं जातं. त्यापुढे मुलांना स्वतःचं दार असलेली खोली लागते, मित्र लागतात, आणि चाळीस फुटांत आई-वडिलांपासून लांब जाण्यासारखी जागा कुठेच नसते. किशोरवयात मुलं पोहोचली की बरीच कुटुंबं नौका विकतात, ते यामुळे.

जी विकत नाहीत त्यांचं काय होऊ शकतं, याची एक बाजू सुझन हेवूड यांनी २०२३ मध्ये आलेल्या ‘वेव्हवॉकर’ या आत्मकथनात मांडली. १९७६ मध्ये वडिलांनी कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीच्या मार्गाने तीन वर्षांत जाऊन यायचं ठरवलं. कुटुंब इंग्लंडहून निघालं तेव्हा सुझन सात वर्षांच्या होत्या. दक्षिण हिंदी महासागरात एका प्रचंड लाटेने नौका फोडली आणि त्यांच्या कवटीला मार बसला. कशीबशी नौका एका फ्रेंच संशोधन ठाण्याच्या बेटाला लागली. तिथल्या डॉक्टरने भूल न देता त्यांच्या डोक्यावर अनेकदा शस्त्रक्रिया केल्या. तीन वर्षांची सफर दहा वर्षं लांबली. त्या शाळा मागत राहिल्या आणि मिळाली ती नौकेवरच्या कामांतून सवड काढून केलेली पत्रद्वारा शाळा. सोळाव्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळत न्यूझीलंडमध्ये राहायची वेळ आली. तिथून त्यांनी ऑक्सफर्डला प्रवेश मिळवला. पुस्तकात साहसाचा गौरव नाही. मुलांना ‘थांबू या’ म्हणायचा हक्क होता का, असं त्या विचारतात.

याच्या अगदी उलट प्रकरण लॉरा डेकरचं. ती १९९५ मध्ये जन्मली तीच न्यूझीलंडमध्ये, आई-वडिलांच्या सागरी सफरीत. बालपणीची पहिली वर्षं नौकेवर गेली. तेराव्या वर्षी तिने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायचं जाहीर केलं, तेव्हा नेदरलँड्समधल्या न्यायालयाने २००९ मध्ये तिला बालकल्याण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवलं. पुढे ती देखरेख उठली, ती निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर तिने प्रदक्षिणा पूर्ण केली. एकीला किनारा हवा होता, दुसरीला समुद्र. दोघींच्या बाबतीत मोठ्यांनी ठरवलेलं वेगळंच होतं.

बुडालेल्या नौका

जून १९७२. ब्रिटिश शेतकरी आणि माजी खलाशी डुगल रॉबर्टसन, पत्नी लिन, तीन मुलगे आणि पनामात नौकेवर आलेला एक तरुण गालापागोसहून मार्केससच्या वाटेवर होते. निघून दोन-तीन दिवस झाले असतील, तेवढ्यात ‘ल्युसेट’ या त्यांच्या लाकडी नौकेला ओर्कांनी खालून धडका दिल्या. काही मिनिटांत नौका बुडाली. रबरी तराफा १७ दिवस टिकला. नंतर सहाही जण जेमतेम नऊ फुटी होडीत. पावसाचं पाणी, कासवांचं मांस आणि रक्त यांवर ते जगले. लिन परिचारिका होत्या, त्यामुळे शरीरात पाणी कसं टिकवायचं हे त्यांना कळत होतं. ३८ व्या दिवशी एका जपानी मासेमारी जहाजाने सर्वांना वाचवलं. ती होडी आज इंग्लंडमधल्या फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे. तिकडे कोणी त्यांना शोधतही नव्हतं.

आज अशा बहुतेक नौकांवर आपत्कालीन बीकन असतो. बटण दाबलं की उपग्रहामार्फत ठिकाण बचावकेंद्राला कळतं. मदत येते, पण तिला वेळ लागतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये एक अमेरिकी कुटुंब मेक्सिकोहून याच बेटांकडे निघालं होतं. सोबत तीन आणि एक वर्षाच्या मुली. धाकटीला ताप आणि पुरळ आलं, औषध लागू पडेना, आणि त्यात नौकेतही बिघाड झाला. किनाऱ्यापासून सुमारे ९०० मैलांवर चार बचाव जवान विमानातून पॅराशूटने समुद्रात उतरले. तीन दिवसांनी नौदलाची युद्धनौका पोहोचली. मूल वाचलं, नौका बुडवून टाकावी लागली. इतक्या लहान मुलांना नेलंच कसं आणि सुटकेचा खर्च कोणी द्यायचा, यावर अमेरिकेत कडाक्याचं भांडण झालं. आजार जमिनीवरही होतात हे खरं. पण मार्केससला पोहोचल्यावरही मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने ताहितीला न्यावं लागतं, आणि मधल्या तीन आठवड्यांत तेवढंही नसतं. जाणारे लोक औषधांची मोठी पेटी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि दूरवरून सल्ला देणारा डॉक्टर यांची तजवीज करतात. त्यापुढे जोखीम उरते ती उरतेच.

हिंदी महासागराकडे ही कुटुंबं कमी वळतात, त्यामागे २०११ साल आहे. त्या फेब्रुवारीत सोमाली चाच्यांनी अरबी समुद्रात चार अमेरिकनांना त्यांच्याच नौकेवर ठार केलं आणि त्याच महिन्यात तीन किशोरवयीन मुलं असलेलं एक डॅनिश कुटुंब पळवून नेलं. ते सप्टेंबरमध्ये सुटलं. नंतरची काही वर्षं बहुतेक नौका दक्षिण आफ्रिकेला वळसा घालू लागल्या किंवा मालवाहू जहाजावर चढवून भूमध्य समुद्रात पाठवल्या जाऊ लागल्या.

सफर कुठे संपते?

प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या अनेक कुटुंबांसाठी न्यूझीलंडच्या उत्तर टोकाचं ओपुआ बंदर हा शेवटचा टप्पा ठरतो. नोव्हेंबरमध्ये तिथे पोहोचण्यापूर्वी शेवटचे दोन दिवस फडताळं रिकामी करण्यात जातात, कारण मध, फळं, भाज्या, अंडी, मांस यातलं काहीही किनाऱ्यावर नेता येत नाही. उरलेला मध पोरं चमच्याने संपवतात. मग हिशेब होतो. पैसे आणि उत्साह शिल्लक असेल तर नौका दुरुस्त करून मे महिन्यात पुन्हा फिजीकडे. नसेल तर तिच्यावर विक्रीची पाटी लागते, आणि ती विकली जाईपर्यंत बंदराजवळच्या भाड्याच्या घरात मुक्काम पडतो. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होतं. बरेच दिवस अनवाणी हिंडलेल्या मुलांसाठी बूट घ्यायला निघावं, तर प्रत्येकाचं माप नव्याने काढावं लागतं.